गोड सोडले, पण रश्शाचे काय?

मधुमेहाचे निदान झालेला माणूस पहिल्या आठवड्यात सहसा चार गोष्टी सोडतो. चहातली साखर, भात, बटाटा आणि आंबा. ही यादी त्याला डॉक्टरांच्या आधी शेजाऱ्यांनीच सांगितलेली असते. यादी अगदीच चुकीची आहे असे नाही. परंतु दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासले आणि साखर अपेक्षेइतकी उतरली नाही, की तो निराश होतो. "डॉक्टर, गोडाला हातसुद्धा लावत नाही हो," असे कळवळून सांगतो, आणि ते खरेही असते. अशा वेळी मी त्याला, किंबहुना त्याच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला, एक प्रश्न विचारतो : तुमच्याकडे रस्सा दाट कशाने करतात?

बहुतेक जण हसतात. रस्सा म्हणजे पाणी, तिखट आणि मसाला, त्यात कसली आली साखर, अशी आपली समजूत असते. पण साधे पाणी आपोआप दाट होत नाही. ते दाट होण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला पिठाचा. बेसन, मैदा, कॉर्नफ्लॉवर किंवा भाजून दळलेले धान्य गरम पाण्यात पडले की त्यातले पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि पाणी घट्ट होते. हेच पिष्ट पोटात गेल्यावर ग्लुकोज होऊन रक्तात उतरते. जिभेला ते गोड लागत नाही, एवढाच साखरेत आणि त्यात फरक. दुसरा मार्ग वाटणाचा. खोबरे, शेंगदाणे, तीळ, खसखस, जवस यांत स्निग्धांश आणि चोथा जास्त, पिष्ट कमी. त्यांनीही रस्सा दाट होतो, पण रक्तातील साखरेवर त्याचा भार कमी पडतो.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या स्वयंपाकात दोन्ही मार्ग जुने आहेत. लग्नाकार्यातली येसर आमटी घ्या. येसर म्हणजे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ वगैरे भाजून मसाल्याबरोबर दळलेले पीठच. शेंगोळे कुळथाच्या पिठाचे, आणि त्यांचा रस्सा त्याच पिठाने दाटतो. पाटवडीत बेसन आहे. मासवडीचेही आवरण बेसनाचे, पण पोटात तीळ आणि खोबरे. मनमाड रस्त्यावरच्या ढाब्यांवर जी शेवभाजी प्रवासी आवडीने मागवतात, ती मूळची खानदेशातली, आणि तिच्यात तर बेसनाची शेवच रश्शात सोडलेली असते. याउलट काळ्या मसाल्याचे, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटण घातलेला वांग्याचा रस्सा हा दुसऱ्या जातीचा. मुद्दाम "डाएट" म्हणून काही न करताही आपल्या आजीने तो कमी पिष्टाचा केलेला असतो.

आता थोडे आकडे पाहू. १०० ग्रॅम वजनात पिष्टमय पदार्थ म्हणजे कर्बोदके किती, हे स्थूलमानाने असे : कॉर्नफ्लॉवरमध्ये ९० ग्रॅम, मैद्यात ७५, बेसनात ५५ ते ६०. काजूत ३०. शेंगदाण्यात १६, त्यातलाही निम्मा चोथा. सुक्या खोबऱ्यात २० ते २४, आणि त्यातला बराच मोठा भाग चोथ्याचा. कांद्यात ९, टोमॅटोत अवघे ४. जवसाचा आकडा कागदावर २९ दिसतो, पण त्यातला जवळजवळ सगळा चोथाच असतो आणि तो साखरेत मोडत नाही. काजूचा आकडा लक्षात ठेवावा. हॉटेलातली पांढरी ग्रेव्ही "पौष्टिक" म्हणून निर्धास्तपणे खाणारे बरेच आहेत.

चार माणसांच्या रश्शाचा हिशेब करून बघितला. एक मध्यम कांदा, दोन टोमॅटो, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम खोबरे, २० ग्रॅम शेंगदाण्याचे कूट आणि आले-लसूण. चोथा वगळता माणशी चार ते पाच ग्रॅम कर्बोदके येतात. याच रश्शात खोबरे-कूट न घालता चार मोठे चमचे येसर घातले, तर माणशी आकडा नऊ-दहा ग्रॅमपर्यंत जातो. चोखंदळ वाचक लगेच विचारतील, एवढ्या पाच ग्रॅमसाठी हा लेख कशाला? प्रश्न बरोबर आहे. ८० ग्रॅम पिठाच्या आपल्याकडच्या दणकट बाजरीच्या भाकरीत ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. त्यापुढे रश्शातले पाच ग्रॅम काहीच नाहीत.

परंतु खरी मेख तिथेच आहे. पातळ, झणझणीत रस्सा नुसता खाता येत नाही. त्याला भाकरी चुरावी लागते. ताटात रस्सा उरला म्हणून अर्धी भाकरी, आणि भाकरी उरली म्हणून पळीभर रस्सा, ही साखळी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. भाकरी मोजून खाणारा माणूसही चुरलेली भाकरी मोजत नाही. त्यामुळे रश्शाकडे बघताना दोन गोष्टी विचाराव्यात. तो दाट कशाने केला आहे, आणि तो मला किती भाकरी किंवा भात खायला लावणार आहे. ज्या भाजीत फोडी भरपूर आणि रस्सा अंगाबरोबर असतो, ती चमच्याने खाता येते आणि एका भाकरीत जेवण होते. माझ्या अनुभवात मधुमेही रुग्णाला "भाकरी कमी करा" असे सांगण्यापेक्षा "रस्सा अंगाबरोबर ठेवा, फोडी दुप्पट घाला" असे सांगितलेले घरात अधिक पाळले जाते. पहिल्या सल्ल्यात माणूस उपाशी राहतो, दुसऱ्यात राहत नाही.

हॉटेलचे प्रकरण मात्र वेगळे. शिर्डीत राहून हॉटेलच्या जेवणाबद्दल न लिहिणे शक्य नाही. गुरुवारी आणि रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा या उत्सवांत गावात जी गर्दी होते, तिच्यातले कितीतरी जण मधुमेही असतात, आणि दोन-तीन दिवस त्यांचे बाहेरच खाणे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा जो अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख. म्हणजे मोठ्या कुटुंबाच्या टेबलावर बसलेल्यांपैकी एखादा तरी यातला निघतोच.

हॉटेलच्या ग्रेव्हीचा धडा मला एका आचाऱ्यानेच दिला. वीस-बावीस वर्षे निरनिराळ्या भटारखान्यांत काम केलेला हा गृहस्थ पायाच्या अंगठ्याची जखम घेऊन आला. जखम महिनाभर चिघळलेली. पायाला संवेदना कमी, त्यामुळे चटका बसलेला कळलाच नव्हता. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी केली, तर आकडा अकराच्या वर. सर्जनकडे पाठवले तेव्हा अंगठा राहील की जाईल, हे त्यांनाही सांगता येत नव्हते. "साहेब, गोड मी तोंडात घालत नाही आणि जेवण तर दिवसातून एकदाच होतंय," असे तो सांगत होता. मी विचारले, चव कोण बघतो? तो म्हणाला, "मीच. दर घाण्याला." सकाळी दहापासून रात्री अकरापर्यंत चमचा-चमचा करत किती वाट्या ग्रेव्ही पोटात जाते याचा विचार त्याने कधी केला नव्हता.

त्याने सांगितले ते असे. बऱ्याच हॉटेलांत भाज्या पन्नास असल्या तरी मूळ ग्रेव्ह्या तीन-चारच असतात. पांढरी काजू, मगज बी आणि उकडलेल्या कांद्याची. तपकिरी किंवा पिवळी तळलेल्या कांद्याची. लाल टोमॅटोची. भाजी मागवली की यांतली एक किंवा दोन एकत्र करून, वर पनीर नाहीतर मटार घालून ताट येते. "लाल ग्रेव्हीत साखर घालावीच लागते साहेब, नाहीतर टमाट्याचा आंबटपणा दबत नाही. काजू महाग झाले की कुणी मगज वाढवतं, कुणी कॉर्नफ्लॉवर मारतं." सगळीकडे असेच होते असे मी म्हणत नाही, तोही म्हणत नव्हता. पण गिऱ्हाइकाला ताटात बघून काय कळते?

थोडेफार कळते. कॉर्नफ्लॉवरच्या ग्रेव्हीला काचेसारखी चकाकी असते आणि ती गार झाली की जेलीसारखी थिजते. मंचुरियनच्या गाडीवरचा रस आठवा. खोबऱ्या-शेंगदाण्याची ग्रेव्ही गार झाली की तिच्यावर तेलाचा तवंग सुटतो, ती थिजत नाही. माखनी नावाची कोणतीही भाजी गोडसर असते हे चाखून कळतेच. म्हणून बाहेर जेवताना मधुमेही मंडळींनी शक्यतो भरीत, मेथी, भेंडी, अंडा भुर्जी अशा सुक्या भाज्या मागवाव्यात. रस्सा हवाच असेल तर पातळ डाळ घ्यावी. डाळीतही कर्बोदके आहेत, पण सोबत प्रथिने आणि चोथा असतो, आणि शेवभाजीपेक्षा ती केव्हाही बरी. शेवभाजीच्या एका ताटात ५० ग्रॅम शेव धरली तर २० ते २५ ग्रॅम कर्बोदके नुसत्या शेवेतून येतात, म्हणजे एका पोळीइतकी. ज्याला ती सोडवत नाही त्याने तिच्याबरोबरची एक पोळी सोडावी. या हिशेबात मी फार कडक नाही.

त्या आचाऱ्याचा अंगठा राहिला. पण ते श्रेय ग्रेव्हीला देणे वैद्यकाला धरून होणार नाही. इन्शुलिन, रोजचे ड्रेसिंग आणि सर्जनचे कौशल्य यांचा वाटा मोठा होता. एवढे मात्र खरे, की चव बघून चूळ भरून टाकण्याची सवय त्याने लावून घेतली आणि पुढच्या तपासणीत आकडा आठाच्या खाली आला.

आता टोमॅटो सॉसकडे वळू, कारण माझ्या मते मधुमेही घरात रश्शापेक्षा त्याच्या बाटलीकडे जास्त दुर्लक्ष होते. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी. आपल्या देशातील अन्नसुरक्षा नियमांनुसार टोमॅटो केचप किंवा सॉस या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थात विरघळलेला घन भाग किमान २५ टक्के असावा लागतो, तर प्युरीत तो ९ टक्के पुरतो. टोमॅटोचा रस आटवून २५ टक्क्यांपर्यंत नेता येतो, पण त्याला टोमॅटोही खूप लागतात आणि इंधनही. साखर घातली की तो आकडा सहज गाठता येतो आणि चवही लागते. म्हणून बाजारातल्या साध्या केचपमध्ये १०० ग्रॅमला २५ ते ३० ग्रॅम कर्बोदके आढळतात, आणि त्यातली बहुतेक साखर असते. समोशाबरोबर दोन मोठे चमचे सॉस घेतला तर आठ-नऊ ग्रॅम साखर पोटात गेली, म्हणजे चहाचे दोन चमचे. बिनसाखरेचा चहा पीत पीत हे चाललेले असते! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांखाली, आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली ठेवावी असे सुचवले. पाच टक्के म्हणजे निरोगी माणसालाही दिवसाला साधारण २५ ग्रॅम. (ज्या राहाता तालुक्यातल्या प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, तिथे राहून मी हे लिहितो आहे याची मला जाणीव आहे. ऊस उत्पादक वाचकांनी रागावू नये. निम्मे माझे रुग्णच आहेत.)

नावांचाही घोटाळा होतो. मुलगा-सून परदेशी असलेल्या घरांतून विचारणा येते, की तिकडच्या पाककृतीत "टोमॅटो सॉस" घाला असे असते, तो घातला तर भाजी गोड का होते? अमेरिकेत टोमॅटो सॉस म्हणजे बहुधा शिजवलेला, स्वयंपाकात वापरायचा टोमॅटोचा रस. आपल्याकडे सॉस म्हणजे केचपच. अशा ठिकाणी प्युरी वापरावी. पुडक्यावरचे घटक वाचावेत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याचा नियम आहे, त्यामुळे साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल तर पुडके परत ठेवावे. लिक्विड ग्लुकोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही साखरेचीच भावंडे. घट्टपणासाठी १४२२ असा क्रमांक लिहिलेला असेल तर तो सुधारित पिष्टाचा. ४१५ हा झँथन गम, त्याची साखर होत नाही. टोमॅटो आणि मीठ एवढेच लिहिलेली प्युरी उत्तम.

शाळकरी मुले घरात असतील तर एक प्रयोग करून बघावा. ग्रेव्ही चमचाभर घेऊन पाण्यात पातळ करा, पूर्ण गार होऊ द्या, आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. काळा-निळा रंग आला तर पिष्ट आहे. गरम ग्रेव्हीत हा रंग टिकत नाही. टोमॅटो असेल तर त्यातले क जीवनसत्त्व सुरुवातीचे थेंब रंगहीन करून टाकते, म्हणून चार-सहा थेंब लागतील. या परीक्षेत साखर सापडत नाही, फक्त पिष्ट सापडते, आणि डाळ किंवा बेसन असले तरी रंग येणारच. प्रयोगानंतर ते मिश्रण फेकून द्यावे, पोटात घेऊ नये.

घरी सॉस करणे कठीण नाही. संगमनेर-अकोल्याकडचा टोमॅटो बाजारात येऊन भाव कोसळला की करून ठेवावा. जुलै २०२३ मध्ये किलोला १०० रुपयांच्या वर भाव गेला, तेव्हा कित्येक घरांत भाजीत केचप पिळण्याची सवय लागली, ती टोमॅटो स्वस्त झाल्यावरही गेली नाही असे मला दिसते. पूर्ण लाल, पिकलेले एक किलो टोमॅटो घ्यावेत. कच्चट टोमॅटो आंबट निघतात आणि मग साखरेचा मोह होतो. फोडी करून जाड बुडाच्या पातेल्यात पाच-सहा लसूण पाकळ्या, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि दोन सुक्या मिरच्या घालून पाणी न घालता शिजवाव्यात. गार करून, दालचिनी-लवंग काढून, मिक्सरमधून फिरवून गाळावे आणि पुन्हा मंद आचेवर आटवावे. शेवटी लहान चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे व्हिनेगर. आंबटपणा मारायला साखरेऐवजी चमचाभर तेलात परतलेली बडीशेपेची पूड घालावी. दालचिनी आणि बडीशेप जिभेला गोडीचा भास देतात. एका किलोचा साधारण ३५० ग्रॅम सॉस होतो. मोठ्या चमच्याला दीड ते पावणेदोन ग्रॅम कर्बोदके पडतात, बाटलीतल्या केचपमध्ये चार. यात साखर आणि परिरक्षक नसल्यामुळे तो टिकत नाही. फ्रीजमध्ये पाच-सहा दिवस, किंवा बर्फाच्या साच्यात गोठवून त्या वड्या लागतील तशा भाजीत घालाव्यात. बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर काढून बाकीचा वापरू नका, सगळा टाका.

रश्शासाठी पिठाऐवजी काय? वर सांगितलेले वाटण आहेच. पण खोबऱ्या-शेंगदाण्यात उष्मांक फार, म्हणून ज्यांचे वजन किंवा कोलेस्टेरॉल वाढलेले आहे त्यांनी मूठभराच्या पुढे जाऊ नये. त्यांच्यासाठी मी सुचवतो तो उपाय गरिबाचा आहे : वाफवलेला दुधीभोपळा किंवा फ्लॉवर मिक्सरमधून काढून रश्शात मिसळायचा. काळ्या मसाल्यात तो ओळखूही येत नाही. भाजून सोललेले वांगे घोटून घातले तरी रस्सा छान दाटतो. शेवटी भाजलेल्या जवसाची पूड चमचाभर भुरभुरावी, अधिक नको, नाहीतर रस्सा बुळबुळीत होतो. कांदा मात्र चार जणांना एकच पुरे.

माझ्या आकड्यांवर विसंबण्यापेक्षा ज्यांच्याकडे ग्लुकोमीटर आहे त्यांनी स्वतः पडताळून पाहावे. एक दिवस नेहमीच्या पिठाळ रश्शाबरोबर, दुसऱ्या दिवशी वाटणाच्या रश्शाबरोबर, भाकरी दोन्ही दिवशी तेवढीच. जेवणापूर्वी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहावी. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये, तीन-चार वेळा करावे. ही वही तपासणीला येताना बरोबर आणली, तर तिचा मला फार उपयोग होतो.

काही जणांनी मात्र स्वतःच्या मनाने आहारात मोठा बदल करू नये. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असताना भाकरी-भात एकदम कमी केला तर साखर घसरते. घाम, थरथर, भोवळ येते, आणि ती रात्री झोपेत आली तर जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदके जवळजवळ बंद करण्याचा प्रयोग करूच नये. त्यात रक्तात आम्ल साठते, आणि फसवे असे की मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही. मळमळ, उलट्या, पोटात दुखणे, धाप लागणे अशी लक्षणे दिसली तर थेट रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना टोमॅटोतले पोटॅशियम त्रासदायक ठरू शकते. आटवलेल्या सॉसमध्ये ते आणखी एकवटते, म्हणून त्यांनी वरची कृती करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब असलेल्यांनी सॉस मिठाशिवाय करावा. बाजारच्या केचपमध्ये साखरेइतकेच मिठाकडेही बघावे लागते, आणि "साखर न घातलेला" अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीतही मीठ तेवढेच असू शकते.